मोहनलालचं सगळ्यात स्वस्त रीळ

आमच्या मुर्री गावात कंजूष माणसं पुष्कळ. नावं घेत बसत नाही, त्यातले दोन माझे साडूच आहेत. पण त्या सगळ्यांना तराजूच्या एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात एकट्या मोहनलाल पटल्याला बसवलं, तर मोहनलालचंच पारडं जमिनीला टेकेल. आम्ही पोवार मंडळी माळव्यातून इकडे आलो असं सांगतात. येताना कोणी तलवार आणली, कोणी घोडा आणला. मोहनलालच्या पणजोबाच्या पणजोबाने नुसतं म्यान आणलं असणार. म्यान फुकट मिळालं असेल, तलवारीला पैसे पडत होते.

मोहनलाल धंद्याने फोटोग्राफर. गोंदियात स्टेशनच्या रस्त्याला त्याचा स्टुडिओ आहे, तो आता त्याचा मुलगा उमेंद्र चालवतो. उमेंद्रकडे उडणारा कॅमेरा आहे. लग्न ठरलेल्या पोरापोरींना तो इटियाडोहच्या धरणावर नेतो, एकमेकांकडे पळायला लावतो आणि वरून फोटो घेतो. मोहनलालला हे पटत नाही. तो म्हणतो, "लग्नाआधी एकमेकाकडं पळवून राहिला, लग्नानंतर कोनीकडं पळतीन ते कोन काढनार?"

स्वतः मोहनलाल मात्र अजून रिळावर फोटो काढतो. तेही काळेपांढरे. आपण सगळे समजलो होतो की मोबाइल आला आणि रीळ मेलं. ते मेलं नाही, महाग झालं. रंगीत रीळ घ्यायला गेलात तर बाराशे-पंधराशेच्या खाली कोणी हात लावू देत नाही, वर धुणावळ वेगळी. काळंपांढरं त्यापेक्षा स्वस्त, पण नामवंत कंपनीचं तेही हजाराला टेकलेलं. त्याच्याही खाली एक गरिबाचं रीळ असतं, पाच-सहाशेचं. मोहनलाल तेसुद्धा घेत नाही. तो फिल्मचा अख्खा डबा मागवतो आणि अंधाऱ्या खोलीत बसून, जुन्या रिकाम्या नळकांड्यांत आपल्या हाताने भरतो. दीडशेत काम भागतं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते उमेंद्र जन्मला तेव्हाही आलं नव्हतं, असं त्याची बायको कुंता म्हणते.

आणि गंमत बघा, या दीडशेच्या रिळाला गिऱ्हाईक निघालं! गोंदियातल्या एका राइस मिलवाल्याची मुलगी नीतू, कॉलेजात शिकते, आजोबांचा जुना कॅमेरा गळ्यात घालून एक दिवस मोहनलालच्या ओसरीवर आली.

"काका, सस्तेवाली फिल्म में ग्रेन बहुत आता है ना?"

"दाना मोटा है, बेटी," मोहनलाल म्हणाला. "तेरे घर तो मिल है. बारीक चावल मेहमान के लिए, मोटा चावल घर के लिए. पेट किससे भरता है?"

पोरगी हे वाक्य घेऊन गेली आणि तिने ते आपल्या इन्स्टाग्रामवर टाकलं, खाली मोहनलालचा बंडीतला फोटो. झालं! नागपूरहून पोरं यायला लागली. कानात बाळी घातलेली, पँट गुडघ्यावर फाटलेली. कुंता त्यांना आधी भाकर द्यायला उठायची, तिला वाटायचं दुष्काळातून आलीत. मोहनलाल त्यांना हाताने भरलेलं रीळ विकायचा आणि वर ज्ञान फुकट द्यायचा. "रंगीत फोटोत माणूस कोनी पाहातच नाई. लुगडाच पाहातेत. काऱ्यापांढऱ्यात लुगडा दिसत नाई, मंग मजबुरीनं माणूस पाहा लागते." आमच्या झाडीपट्टीत जिभेला ळ जड जातो, काळा म्हणजे कारा, नागपूरच्या पोरांना तेही फार आवडायचं.

एवढं सगळं ज्या खोलीत चालायचं, ती खोली म्हणजे घराच्या मागच्या अंगाची एक कोंदट कोठडी. आत नळ, मोरी आणि लाल बल्ब. खिडकीला त्याने पोतं ठोकलं होतं. एकदा तो आत फिल्म भरत असताना कुंताने चहा द्यायला दार उघडलं आणि अख्खा डबा वाया गेला. तेव्हापासून मोहनलाल आत गेला की आतून आडणा लावतो आणि कुंता बाहेरून बोलते. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बायकोला यापेक्षा चांगली सोय कुठली? नवरा ऐकतो, पण बाहेर येऊ शकत नाही.

तर या कोठडीवर संकट आलं, ते उमेंद्रच्या लग्नाने.

मुलगी इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या एका गावातली. नाव भूमेश्वरी, नर्सिंग शिकलेली, गोंदियात एका दवाखान्यात कामाला. मुलगी पाहायला आम्ही चार म्हातारे गेलो होतो, पण पाहिलं तिनेच आम्हाला. पोहे खाऊन झाले आणि ती सरळ कुंताला म्हणाली, "माही एकच अट आहे, आत्याबाई. आंघोळीची खोली आमच्या खोलीले लागून पायजे. रातपाळीवरून आल्यावर मी आंगनात ताडपत्रीमागं नाई न्हाईन."

कुंताला मुलगी तिथेच पसंत पडली. तीस वर्षं ताडपत्रीमागे न्हालेली बाई ती. परतताना गाडीतच तिने निकाल दिला. उमेंद्रच्या खोलीला लागून एकच कोठडी होती, आणि तिच्यात नळही होता, मोरीही होती.

"ते माही खोली आहे!" मोहनलाल ओरडला.

"होती," कुंता म्हणाली.

"मंग मी फोटो कुठं धुवू?"

"रातच्याले आंगनात धुवा. देवानं अंधार कायले देला?"

दुसऱ्याच दिवशी भोजराज मिस्त्री टेप घेऊन आला. मोहनलाल कोठडीत शिरला, आडणा लावला आणि दुपारपर्यंत बाहेरच आला नाही. भोजराज ओसरीवर बसून राहिला, पण रोजी मात्र लावली. रोजीचं कानावर पडताच मोहनलालने दार उघडलं आणि सगळ्यांसमोर पैज मांडली.

"साक्षगंधाचे फोटो मी काढीन. माह्या फिल्मवर. पोरीच्या घरच्यायले पसंत पडले त खोली माही. नाई पडले त उद्याच फोडा."

"आयकलं का सारे?" कुंताने आम्हाला साक्षी ठेवलं. ती हसतच कबूल झाली. तिची खात्री होती. आमच्याकडे काळापांढरा फोटो म्हणजे भिंतीवरचा, हार घातलेला. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, असला फोटो कोण पसंत करणार?

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आयुष्याची कोठडी पणाला लागली आहे, तर निदान एक बरं रीळ विकत आणलं असतं. पण मोहनलालचा नेहमीचा डबा संपला होता आणि नव्या डब्याचा भाव वाढला होता. नेमका त्याच वेळी नागपूरच्या त्याच्या दुकानदाराचा फोन आला. एक डबा पडला आहे, पूर्वी सिनेमाचा आवाज ज्या फिल्मवर उतरवत तिचा. जवळजवळ फुकट. आणि खुबी अशी की ही फिल्म मिट्ट अंधारात धुवायला नको, लाल बल्ब लावून, डोळ्यांनी बघत बघत धुता येते.

फुकट म्हटल्यावर मोहनलालला वीज चमकल्यासारखं झालं. डबा आला. त्याने आधी परीक्षा घेतली, हे मात्र खरं. म्हशीचा फोटो काढला, धानाच्या पुंजण्याचा, म्हणजे गंजीचा, काढला, आणि शेजारच्या मंगरूचा काढला. मंगरू ऑटो चालवतो, मुर्री ते गोंदिया स्टेशन, आणि सवारीबरोबर गावची बातमीही पोचवतो. बातमीचं भाडं घेत नाही. पांढऱ्या बंडीतला मंगरू त्या फोटोत असा देखणा आला की त्याच्या बायकोने विचारलं, हा कोणाचा भाऊ? मोहनलाल खूश झाला. म्हैस काळी, पुंजणा पांढरा, मंगरू मधला. पास!

साक्षगंधाला आम्ही दोन गाड्या भरून गेलो. मांडवात भूमेश्वरी लालभडक शालूत. बायकांच्या कपाळाला ठसठशीत कुंकू, पुरुषांना कुंकवाचा टिळा आणि वर अक्षता. पानाचं तबक फिरलं, सगळ्यांची तोंडं रंगली. मोबाइल तर इतके वर उठले होते की नवरा-नवरी दिसेनात. त्या गर्दीत मोहनलाल एकेक फोटो असा काढत होता जसा तांदूळ उसना देतो आहे.

मुलीची आजी सुशिलाबाई घरची कर्ती. खुर्चीत काठी रोवून बसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मोहनलालने त्यांचाही एक फोटो काढला.

"दाखवा पाहू," त्या म्हणाल्या.

"आत्ता दिसत नाई. धुवा लागते."

"काऊन? या पोट्ट्यायच्या मोबाइलात त लगेच दिसते."

"ते कच्चा असते, आजी. माहा पक्का असते."

"इवाई," सुशिलाबाई व्याह्यांसमोर काठी आपटून म्हणाल्या, "कच्चा आंबाबी दिसते त खरा."

घरी आल्या आल्या मोहनलाल कोठडीत गेला. लाल उजेडात फिल्म धुतली आणि वाळायला अंगणातल्या दोरीवर टांगली. मंगरू ऑटो लावून आलाच होता. त्याने एक पट्टी उन्हाकडे धरली.

"मोहन, नवरीनं पांढरा लुगडा कवा नेसला गा?"

मोहनलालने पट्टी हिसकावून पाहिली. या पट्टीवर सगळं उलटं असतं, हे त्याला ठाऊक होतं. इथे जे पांढरं, ते कागदावर काळं.

"पांढरा नाई बापा," तो हळूच म्हणाला. "छापल्यावर कारा येईन."

"म्हंजे अजून खराब!"

झालं होतं असं. ती फिल्म लाल रंगाला आंधळी होती. म्हणून तर लाल बल्बने तिचं काही बिघडत नव्हतं. आता ज्या फिल्मला लाल बल्ब दिसत नाही, तिला लाल शालू कुठून दिसणार? हा माणूस चाळीस वर्षं लाल बल्बखाली फोटो छापत आला, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नाही! तसं आलंही असतं. पण डबा स्वस्त मिळाला की मोहनलालची अक्कल तेवढ्यापुरती त्या दुकानदाराकडे गहाण राहते. म्हैस, पुंजणा आणि मंगरू यांच्यात लाल काहीच नव्हतं. मंगरूची जीभ आहे, पण फोटोत त्याने तोंड मिटलं होतं. आयुष्यात एकदाच.

मग मंगरूने काय केलं? सवाऱ्या घेतल्या आणि स्टेशनला गेला. मुर्रीच्या फाट्यावर 'नवरीचा फोटो पांढऱ्या लुगड्यात आला' असं होतं. स्टेशनवर पोचेपर्यंत नवरीने साक्षगंधाला पांढरं लुगडं नेसून लग्नाला नकार दिला होता. संध्याकाळी भूमेश्वरीचे वडील खुमेंद्र यांचा फोन आला.

"काय चालू आहे इवाई? बुढी चवताळली आहे. आम्ही उद्या येऊन राहिलो फोटो पाहायले."

उमेंद्र म्हणाला, "बाबूजी, माह्या कॅमेऱ्यात रंगीत फोटो आहेत ना. तेच दाखवू, विषय संपला."

"आणि पैज?" कुंताने विचारलं. "फोटो ह्यायचेच दाखवा. मी मिस्त्रीले बोलावून ठेवतो."

मोहनलालने रात्र उपाय शोधण्यात घालवली नाही. त्याला उपाय सुचतच नव्हता. सकाळी फोटो छापून कागद वाळवले आणि पाहुणे आले तेव्हा तो फाशीच्या कैद्यासारखा नवी बंडी घालून बसला होता. सुशिलाबाई, खुमेंद्र आणि भूमेश्वरी ओसरीवर बसले. भोजराज मिस्त्री खांबाला टेकून, टेप मांडीवर घेऊन. आम्ही शेजारी सहज आलो होतो, म्हणजे पहाटेपासून वाट पाहत होतो.

सुशिलाबाईंनी पहिला फोटो हातात घेतला.

"हे कोन होय?"

"भूमेश्वरी," मोहनलाल म्हणाला.

"माही नातीन? कोरशाच्या गाडीतून उतरली का हे?"

शालू काळाकुट्ट, कुंकू काळं, ओठ काळे. दुसऱ्या फोटोत खुमेंद्र. कपाळावरचा टिळा असा काळा की गोळी आरपार गेल्यासारखा.

"बाबा, तुमाले कोनी मारलं?" भूमेश्वरीला हसू आवरेना.

तिसऱ्यात सगळे काका-मामा पान खाऊन हसत होते. तोंडं बघून वाटत होतं, मंडळींनी साक्षगंधाला जेवण न देता शाई पाजली. कुंकू लागलेले हात तर चिखलात घातल्यासारखे. कुंता नुसती भोजराजकडे बघत होती, आणि भोजराज टेप उलगडत होता.

मग तो फोटो आला. सुशिलाबाईंचा स्वतःचा.

त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. चष्मा मागवला. फोटोत खुर्चीवर एक बाई बसली होती. कपाळावर काळा रुपया, मिटलेले काळे ओठ, आणि चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती अशी उठलेली की जणू बांध घातलेलं शेत. डोळे सरळ तुमच्याकडे. मला तर तिथेच आपण दिवाळीत कोणाचं काय खाल्लं ते आठवायला लागलं.

"हा मी होय?"

"हो आजी," मोहनलाल म्हणाला. "फिल्म जराशी..."

"चूप राहा. हा मोठा करून दे. हातभर."

कोणाला काही कळेना. मग बाईंनीच खुलासा केला. "माही जाऊ मेली मागच्या साली. पोट्ट्यायनं कायचा फोटो टांगला? कोनाच्या तरी लग्नात जिलेबी खाऊन राहिली होती, तो मोबाइलातला. तेवढा कापला आणि मोठा केला. एका बाजूनं कोनाचा तरी कान आला आहे. बिचारी मेली त्या दिवसापासून भितीवर जिलेबीच खाऊन राहिली. हार घातला का जिलेबीवर पडते. सुना समोरून हसत जातेत." त्यांनी आपला फोटो उंच धरला. "ह्याच्यासमोरून जाईन का कोनी हसत?"

कोणी जाणार नव्हतं. खुमेंद्रने नकळत पाय खाली सोडले.

"पांढरा लुगडा, कारा लुगडा, ते तुमी जाना," बाई पुढे म्हणाल्या. "नवरीचे फोटो चुलीत घाला. पोराचे रंगीत आहेत ना, तेच पुरे. पण माहा हा फोटो पाहून सूनबाई चहात दूध घालीन. मी मेल्यावरबी."

मोहनलालच्या डोक्यात आता कुठे दिवा पेटला. तो उठून उभा राहिला.

"म्हंजे पसंत?"

"पसंत म्हंजे? दुसरा पायजेच नाई."

"आयकलं का सारे?" मोहनलाल कुंताकडे वळला. इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य तो पहिल्यांदाच म्हणत होता. "पोरीच्या घरच्यायले पसंत पडले! खोली माही!"

"एक पसंत पडला," कुंता म्हणाली. "बाकीचे चुलीत गेले."

"किती पसंत पडले पायजे, ते कुठं ठरलं होतं?"

आम्ही साक्षीदार आभाळाकडे बघायला लागलो. तेवढ्यात भूमेश्वरी म्हणाली, "खोली तुमचीच, बाबूजी. आजीचा शब्द आहे. पन मंग मी आंघोळ कुठं करू?"

याचं उत्तर सुशिलाबाईंनी दिलं. त्यांनी काठी भोजराजकडे रोखली. "मिस्त्री बसलाच आहे. पोराच्या खोलीच्या दुसऱ्या भितीले लागून नवी न्हाणी बांधा. इवाई बांधतीन. जो खोली जिंकते, त्यानंच बांधा लागते. आमच्या गावात त असाच न्याय होते."

"फरशी कोणती लावू?" भोजराजने लगेच विचारलं. त्याची सकाळपासूनची रोजी चालूच होती.

"सर्वात स्वस्त कोनती..." मोहनलालने तोंड उघडलं.

"स्वस्त आणाल त याद राखा!" कुंता, भूमेश्वरी आणि सुशिलाबाई एका सुरात म्हणाल्या. तिन्ही पिढ्यांचं इतकं लवकर जमलेलं मी कुठल्याच घरात पाहिलेलं नाही.

विटा आल्या, सिमेंट आलं, नळाची तोटी तर भूमेश्वरीने मोबाइलवर दाखवून मागवली. फुकटात मिळालेलं ते रीळ मोहनलालला गोंदिया जिल्ह्यातलं सगळ्यात महाग रीळ पडलं. पण खर्चाच्या हिशेबाने तो डगमगला नव्हता. सुशिलाबाईंचा फोटो काचेत मढवून त्यांच्या गावी गेला होता, आणि तो पाहून त्या गावच्या, मग शेजारच्या गावच्या, मग आमच्या मुर्रीच्या म्हाताऱ्या मोहनलालच्या दारात रांग लावून उभ्या होत्या. प्रत्येकीला जिलेबीची भीती. कपाळावर कुंकू वाढतच चाललेलं, एकीचं तर कपाळच शिल्लक नव्हतं. म्हातारे टिळा लावून यायचे. मीही गेलो होतो. माझा फोटो बघून माझा मोठा साडू घाबरला, तेव्हा पैसा वसूल झाला असं मी समजलो.

म्हणजे, झाला असता. दिला असता तर.

कारण फोटो घेऊन मोहनलाल पहिल्यांदा सुशिलाबाईंकडे पैसे मागायला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पैसे कायचे? आत्ता कुठं टांगून राहिलो आम्ही? ज्या दिवशी टांगू, त्या दिवशी देऊ. वापराच्या आधी कोनी पैसे देते का?" हा न्याय पंचक्रोशीत पसरायला वेळ लागला नाही. मंगरूचं ऑटो आहेच. सगळ्या म्हाताऱ्यांनी फोटो नेले आणि एकाच बोलीवर नेले.

तेव्हापासून मोहनलालला नवी सवय लागली आहे. सकाळी फिरायला निघतो आणि दारोदार तब्येत विचारतो. "बरी आहे," असं कोणी म्हटलं की त्याचा चेहरा पडतो.

लग्न उन्हाळ्यात झालं. न्हाणी लग्नाआधी तयार झाली, भिंतीला फरशी छातीपर्यंत. वरातीत बँडवाल्याने सूर धरला आणि सुशिलाबाईंनी काठी खुमेंद्रच्या हातात दिली, पदर खोचला आणि मधोमध येऊन नाचायला लागल्या. बँड थकला, पण बाई थकल्या नाहीत. मोहनलाल माझ्याशेजारी उभा होता, फेटा बांधून, कॅमेरा गळ्यात.

"काढ ना फोटो," मी म्हटलं.

"कायचा काढू, दादा?" तो म्हणाला. "बुढी पाहा कशी उडून राहिली! दहा वर्षं त जागची हलत नाई. आणि मिस्त्री उद्या सकाळी पैशाले येऊन राहिला."